हरभऱ्यावरील घाटेअळी आणि मर: निंबोळी, बुरशी आणि विषाणू यांचा हंगामभर वापर कसा करावा

डिसेंबर सरता सरता हरभऱ्याच्या रानात फेरी मारली आणि डोके घाट्यात, निम्मे अंग बाहेर अशी करंगळीच्या पेराएवढी अळी दिसली, की बहुतेक शेतकरी त्याच दिवशी कृषी सेवा केंद्र गाठून ‘काहीतरी जैविक द्या’ असे सांगतात. मिळालेली बाटली फवारली जाते, चार दिवसांनी अळी तशीच दिसते आणि ‘जैविकाने काही होत नाही’ हे मत त्या घरात कायमचे ठरते. वस्तुतः वनस्पतिजन्य अर्क, उपयुक्त बुरशी आणि विषाणू यांपैकी प्रत्येकाला पिकाच्या व किडीच्या एका ठरावीक अवस्थेतच काम करता येते. ती अवस्था ओलांडल्यावर केलेला खर्च वाया जातो. म्हणून या लेखात हरभरा हे एकच पीक घेऊन, कोणती गोष्ट कोणत्या आठवड्यात, किती आणि कशी वापरावी हे हंगामाच्या क्रमाने सांगितले आहे.

तयारी जूनपासून

हरभऱ्याची पेरणी कोरडवाहू जमिनीत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आणि बागायती जमिनीत साधारणपणे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत होते. संरक्षणाची पहिली सामग्री मात्र जून-जुलैमध्ये, कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो तेव्हाच गोळा करावी लागते. पिकून पडलेल्या निंबोळ्या वेचून पाण्यात चोळाव्यात, गर काढून टाकावा आणि बिया सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ थरात वाळवाव्यात. पावसाळी हवेत हे काम कंटाळवाणे होते आणि नेमका इथेच घोटाळा होतो, कारण अर्धवट वाळलेल्या बियांवर बुरशी चढते आणि अशा काळ्या पडलेल्या बियांच्या अर्काला मग जोर राहत नाही. वाळलेल्या बिया गोणपाटाच्या पोत्यात किंवा टोपलीत ठेवाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. मागच्या वर्षीचा उरलेला साठा वापरण्याचा मोहही टाळावा, कारण साठवणीत बियांतील क्रियाशील घटक हळूहळू घटत जातो.

हा घटक म्हणजे प्रामुख्याने अझाडिरॅक्टिन. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असताना आजूबाजूचे सर्व हिरवे फस्त झाले तरी कडुनिंबाची झाडे तेवढी शाबूत राहिल्याचे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते, आणि १९६८ मध्ये बियांमधून अझाडिरॅक्टिन वेगळे करण्यात आले. आपल्याकडे धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत त्याआधी कितीतरी जुनी आहे. या घटकामुळे मादी पतंग फवारलेल्या झाडावर अंडी घालण्याचे टाळतो, लहान अळीचे खाणे मंदावते आणि कात टाकण्यासाठी तिच्या शरीरात जो संप्रेरकांचा क्रम लागतो तो बिघडतो. हे सर्व परिणाम सावकाश होणारे आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या अळ्यांचा खच पाहण्याची अपेक्षा निंबोळी अर्काकडून ठेवणे म्हणजे बैलाकडून ट्रॅक्टरच्या वेगाची अपेक्षा ठेवण्यासारखे आहे.

पेरणीच्या वेळी ट्रायकोडर्मा

हरभऱ्यात मर रोगाने झाडे वाळू लागली की त्यावर फवारणीचा उपाय उरत नाही. रोगाची फ्युजेरियम बुरशी जमिनीत यजमान पीक नसतानाही वर्षानुवर्षे तग धरते आणि मुळांवाटे आत शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. वाळलेल्या झाडाचे मूळ उभे चिरल्यास आतली रेष तपकिरी-काळी दिसते. म्हणून सुरुवात विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ यांसारख्या मर रोगास प्रतिकारक वाणापासून करावी आणि त्याच्या जोडीला ट्रायकोडर्मा वापरावी. ट्रायकोडर्मा ही जमिनीत नैसर्गिकरीत्या आढळणारी बुरशी आहे. रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालून ती त्यांची भित्तिका विरघळवते, आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापून टाकते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे, आणि म्हणूनच तिला रोगाच्या आधी पोहोचावे लागते.

पेरणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी, प्रति किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा पूड घ्यावी. बियाणे गोणपाटावर पसरून त्यावर पूड चिकटेल इतकाच पाण्याचा किंवा गुळाच्या पातळ पाण्याचा शिडकावा करावा आणि हलक्या हाताने चोळावे. हरभऱ्याची साल पातळ असल्याने जोर लावल्यास ती सुटते आणि उगवण घटते. त्यानंतर रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू, प्रत्येकी २५ ग्रॅम प्रति किलो या प्रमाणात लावून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. ज्यांना रासायनिक बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करायची आहे त्यांनी ती करावी, पण त्याच बियाण्यावर लगेच ट्रायकोडर्मा चोळू नये. बुरशीनाशक हे शेवटी बुरशी मारण्यासाठीच असते आणि ते मित्र-शत्रू असा भेद करत नाही. अशा वेळी ट्रायकोडर्मा शेणखतातून द्यावी.

मागील वर्षी ज्या रानात मर दिसली होती तिथे तर जमिनीतून देणे आवश्यकच समजावे. एकरी १ किलो ट्रायकोडर्मा शंभर किलोच्या आसपास चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून ढीग सावलीत ओल्या पोत्यांनी झाकून ठेवावा. आठ-दहा दिवसांत, मधून मधून वरखाली केल्यास, खतात हिरवट-पांढरी वाढ दिसू लागते. हे खत शेवटच्या कुळवणीआधी वाफशावर पसरावे. ताजे, गरम शेण किंवा कोरडी ठणठणीत जमीन असेल तर हा खर्च करू नये.

फुलोऱ्यापूर्वीची मांडणी

पेरणीच्या वेळी आणखी दोन गोष्टी केल्या तर पुढचे काम हलके होते. बियाण्यात ज्वारीचे मूठभर दाणे मिसळावेत, म्हणजे हरभऱ्यातून मधून मधून वर आलेली ताटे पक्ष्यांना बसायला उपयोगी पडतात. तसेच काही ओळींमागे धने किंवा बांधाकडेने जवस पेरावे. ही पिके फुलावर आली की त्यांचा मध कॅम्पोलेटिस नावाच्या बारीक गांधीलमाशीला मिळतो. ही माशी घाटेअळीच्या लहान अवस्थेत तिच्या शरीरात अंडे घालते. आतून वाढणारे पिल्लू अळीला खाऊन बाहेर येते आणि पानावर करड्या-पांढऱ्या रंगाचा, काळसर ठिपक्यांचा कोष विणते. तांदळाच्या दाण्याएवढे हे कोष नवी कीड समजून चिरडले जातात किंवा त्यांच्यावर फवारणी होते. असे कोष दिसू लागले तर आणखी काही दिवस वाट पाहणे फायद्याचे असते.

पीक वीतभर झाले की इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे पिकाच्या फूटभर वर येतील असे एकरी आठ-दहा रोवावेत. कोतवाल, साळुंकी आणि वेडा राघू त्यावर बसून अळ्या आणि पतंग टिपतात. याच सुमारास एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. त्यातील गोळी घाटेअळीच्याच मादीच्या गंधाची असावी, बोंडअळीच्या इतर जातींची चालत नाही, आणि साधारण तीन ते चार आठवड्यांनी ती बदलावी. या सापळ्यात फक्त नर अडकतात. एकरी दोन सापळ्यांनी कीड आटोक्यात येत नाही, ती कधी आली एवढेच कळते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. रोज सकाळी सापळ्यातील पतंग मोजून वहीत आकडा लिहावा. सलग तीन दिवस सापळ्यामागे ८ ते १० पतंग सापडले, की अंडी घालणे सुरू झाले असे समजून पुढच्या कामाला लागावे. पतंग शेंड्यांवर, कळ्यांवर एकेक सुटे अंडे घालतो. ती तीन ते पाच दिवसांत उबतात. अळी पहिले काही दिवस कोवळी पाने खरवडते, मग कळ्या-फुले आणि शेवटी घाटे पोखरते. एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करू शकते. आपल्या हातात असलेला काळ म्हणजे अंडे उबल्यापासूनचा पहिला आठवडा.

इथे ट्रायकोग्रामाच्या कार्डांचा प्रश्न हमखास येतो. कार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून शेतात सोडली जाणारी, किडींच्या अंड्यांवर जगणारी ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी उसात आणि टोमॅटोत चांगले काम करते, हरभऱ्यात मात्र करत नाही. हरभऱ्याच्या पाना-देठांवरील केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले पाझरतात. तीच ती आंब, जी पूर्वी रात्री पिकावर फडके अंथरून पहाटे पिळून घेत आणि पोटदुखीवर देत. या आंबट चिकट पाझरात इवलीशी ट्रायकोग्रामा अडकते, तिला चालता-फिरता येत नाही. हरभऱ्यासाठी ही कार्डे विकत घेऊ नयेत.

निंबोळी अर्क: कळी दिसताच

पहिल्या कळ्या दिसू लागल्या आणि सापळ्यातील पतंग वाढू लागले, की पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी घ्यावी. एकरी २०० लिटर पाण्यासाठी १० किलो वाळलेल्या बिया कुटून जाडसर पूड करावी. फार बारीक दळल्यास तेल सुटून गोळा होतो आणि गाळणे अवघड जाते. ही पूड २० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फडक्यात बांधून, पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा पिळावी, पांढरट दूध येणे थांबेपर्यंत. वेगळ्या भांड्यात ४०० ग्रॅम साध्या साबणाचा चुरा विरघळवून तो शेवटी, फवारणीच्या अगदी आधी मिसळावा आणि एकूण द्रावण २०० लिटर करावे. साबण आधीच घालून ठेवू नये, तसेच तो प्रमाणाबाहेर वापरू नये, कारण अल्कधर्मी पाण्यात अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होते आणि कोवळे शेंडेही करपतात. अर्क दोनदा गाळावा, नाहीतर निम्मा वेळ नोझल काढून फुंकण्यात जातो.

फवारणी दुपारी चारनंतरच करावी. उन्हातील अतिनील किरणांनी हा घटक काही दिवसांत निष्प्रभ होतो, म्हणून सकाळी फवारून दिवसभराचे ऊन त्यावर पाडण्यात अर्थ नाही. तयार अर्क त्याच दिवशी संपवावा आणि गरज भासल्यास दहा-बारा दिवसांनी पुन्हा ताजा करावा.

दशपर्णी अर्काविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण गावोगावी त्याचे पिंप दिसतात. कडुनिंब, निर्गुंडी, करंज, सीताफळ, रुई, कण्हेर, एरंड, पपई, गुळवेल, घाणेरी यांचा पाला, हिरवी मिरची व लसणाचा ठेचा, शेण आणि गोमूत्र हे २०० लिटर पाण्यात महिनाभर आंबवून तो तयार होतो. त्यातील काही वनस्पतींचे कीटकरोधक गुण खरे आहेत, परंतु प्रत्येक पिंपातील अर्काची तीव्रता वेगळी असते आणि ती मोजण्याचा घरगुती मार्ग नाही. माझ्या मते तो प्रतिबंधक म्हणून, कीड कमी असताना वापरावा, अळी दिसल्यावर त्याच्या भरवशावर राहू नये. कण्हेर हृदयाला घातक विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यांना इजा करतो, तेव्हा पाला कुटताना हातमोजे व चष्मा लागतोच. तंबाखूचा अर्क तर वापरूच नये. निकोटिन निसर्गातूनच येते, पण ते त्वचेतूनही शरीरात शिरते आणि माणसाला विषबाधा करते.

घाटेअळीचा विषाणू

हरभऱ्यासाठी निसर्गाने दिलेले सर्वांत नेमके शस्त्र म्हणजे घाटेअळीचा केंद्रकीय बहुतलीय विषाणू, जो बाजारात ‘एचएएनपीव्ही’ या नावाने मिळतो. विषाणूचे कण प्रथिनांच्या सूक्ष्म, अनेक पैलूंच्या स्फटिकांत बंद असतात. अळीने फवारलेले पान खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हा स्फटिक विरघळतो, विषाणू पेशींत शिरतो आणि अळीचे शरीर स्वतःच्या प्रती बनवण्यासाठी वापरतो. लहान अळी चार ते सात दिवसांत मरते. मरण्यापूर्वी ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी धरून उलटी लोंबकळते. तिची त्वचा इतकी नाजूक झालेली असते की जराशा धक्क्याने फुटून आतला पातळ द्रव खालच्या पानांवर ओघळतो आणि पुढच्या अळ्यांना संसर्ग होतो. शेंड्यांना उलट्या लटकलेल्या काळपट अळ्या दिसल्या, तर फवारणी लागू पडली असे समजावे. हा विषाणू घाटेअळीशिवाय कोणालाही बाधत नाही, ना माणसाला, ना मधमाशीला, ना कॅम्पोलेटिसला. त्याच रानात पाने खाणारी स्पोडोप्टेरा असेल तर तिलाही तो बाधत नाही, हे मात्र विसरू नये.

मात्रा हेक्टरी २५० एलई, म्हणजे एकरी १०० एलई. एलई म्हणजे ‘अळी-समतुल्य’, अर्थात विषाणूने मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीत जितके स्फटिक असतात तितके, सुमारे ६ अब्ज. ही व्याख्या समजली की घरगुती उपायही सुचतो. पहिल्या फवारणीनंतर लटकलेल्या मोठ्या, नुकत्याच मेलेल्या शंभर-सव्वाशे अळ्या चिमट्याने बाटलीत गोळा कराव्यात, थोड्या पाण्यात कुस्कराव्यात, मलमलच्या फडक्यातून गाळाव्यात आणि एकरभर रानात पुन्हा फवाराव्यात. साठवायचे असल्यास बाटली थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. वास असह्य असतो, एवढे आधीच सांगून ठेवतो.

फवारणीसाठी १०० एलई विषाणू २०० लिटर पाण्यात मिसळून त्यात १ किलो गूळ विरघळवावा, म्हणजे अळी चवीने खाते, आणि अतिनील किरणांपासून थोडे संरक्षण मिळावे म्हणून कपड्यांची नीळ थोडी घालावी. वेळ पुन्हा संध्याकाळचीच. एक मीटर ओळीत १ ते २ लहान अळ्या दिसणे ही कृती करण्याची पातळी मानली जाते, आणि ती तपासण्यासाठी एकरात निदान दहा-बारा ठिकाणी, बांधाजवळच नव्हे तर आत शिरूनही, ओळी पाहाव्यात. झाड पांढऱ्या कापडावर झटकल्यास पानांत न दिसणाऱ्या बारीक अळ्या पडतात. ढगाळ हवा आली की शेतकऱ्याला घाटेअळीची धास्ती वाटते, पण तेच दोन-तीन ढगाळ दिवस या विषाणूला सर्वाधिक मानवतात, कारण त्याला ऊन सोसत नाही. आठ दिवसांनी नव्या लहान अळ्या दिसल्यास दुसरी फवारणी घ्यावी.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या जिवाणूची भुकटीही याच अवस्थेत चालते. तिच्यातील प्रथिनाने अळीच्या आतड्याला भोके पडतात, खाणे काही तासांत थांबते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. शेजारी कोणाची तुतीची बाग असेल तर बीटी फवारू नये. रेशीमकिडा हीदेखील अळीच आहे, आणि १९०१ मध्ये जपानमध्ये हा जिवाणू प्रथम सापडला तोच मरणाऱ्या रेशीमकिड्यांत. बिव्हेरिया बुरशीबद्दलही तीच खबरदारी. शिवाय तिला हवेत भरपूर आर्द्रता लागते, जी आपल्याकडच्या कोरड्या रब्बीत सलग मिळत नाही. हरभऱ्यात मी बिव्हेरियाला शेवटचे स्थान देईन.

खरेदी आणि मर्यादा

जैविक निविष्ठा घेताना पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, जिवंत घटकाचे नाव, प्रति ग्रॅम संख्या आणि अंतिम तारीख पाहावी. ट्रायकोडर्मासाठी प्रति ग्रॅम किमान २० लाख जिवंत एकके अपेक्षित असतात. उन्हात मांडून ठेवलेल्या फळीवरचे पाकीट घेऊ नये. फवारल्यावर तासाभरातच अळ्या तडफडून पडू लागल्या तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी, कारण कोणताही विषाणू किंवा बुरशी इतक्या लवकर मारत नाही आणि बाटलीत रसायन मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विभागाच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळा यांच्याकडे मिळणारे उत्पादन ताजे असते, पण मागणी पेरणीपूर्वीच नोंदवावी लागते.

अळ्या मोठ्या झाल्या, मीटरभर ओळीत तीनपेक्षा अधिक दिसू लागल्या, तर जैविकाचा हट्ट धरू नये. ज्यांना सेंद्रिय प्रमाणपत्राचे बंधन नाही त्यांनी इमामेक्टिन बेंझोएटसारखे शिफारशीतील कीटकनाशक लेबलवरील मात्रेत एकदा वापरावे. तेही मुळात मातीतल्या एका सूक्ष्मजीवाच्या स्रावापासूनच बनवलेले आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील रासायनिक कीटकनाशके मात्र लागोपाठ फवारू नयेत. १९८७ मध्ये आंध्र प्रदेशाच्या कापूस पट्ट्यात हीच अळी या गटाला दाद देईनाशी झाली होती. घाटे कडक होऊन पिवळे पडू लागले की अळीचे दात त्यात चालत नाहीत. तेव्हा रानात एखाद-दुसरी अळी दिसत असली तरी पंप धुऊन ठेवावा, सापळे काढून घ्यावेत आणि पक्षीथांबे तेवढे काढणीपर्यंत राहू द्यावेत.